व्हॉल्व ॲम्प्लिफायरला रिले आणि सॉफ्ट स्टार्ट बसवला, तरी फ्यूज उडतोच: दोष कुठे आणि कसा शोधायचा

जुन्या व्हॉल्व (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरला चालू-बंद करायला रिले (विजेवर चालणारा खटका), सोबत सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा प्रवाहाचा झटका अडवणारं सर्किट) आणि बिघाड झाल्यास सेट बंद करणारं एखादं संरक्षण सर्किट, असं सगळं एका बोर्डावर बसवण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये मात्र एकच तक्रार फिरून फिरून ऐकू येते: "बोर्ड बसवला, काही महिने छान चाललं, आता पुन्हा तेच." खाली लिहितोय ते क्वाड टू (पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा) आणि क्वाड २२ (प्रीॲम्प, म्हणजे त्याच्या आधीचा, नॉब असलेला भाग) या जोडीच्या अनुभवावरून. तत्त्व इतर सेटना लागू पडतं, आकडे ज्या त्या सेटचे घ्यावेत.

हीच जोडी घेण्याचं कारण आहे. क्वाड टू १९५३ साली इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने आणला. एका ॲम्पमध्ये दोन केटी६६ (स्पीकरला शक्ती देणारे व्हॉल्व), दोन ईएफ८६ (त्यांच्या आधीचे छोटे व्हॉल्व) आणि एक जीझेड३२ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व). पॉवर ॲम्पला स्वतःचा खटका नाही. खटका आहे तो प्रीॲम्पवर, क्वाड २२ च्या व्हॉल्यूम नॉबमागे. प्रत्येकी सुमारे ९० वॅट खाणारे दोन ॲम्प त्या एका जुन्या नाजूक खटक्यावर चालतात. त्याचे पॉइंट जळले की तसाच्या तसा खटका मिळवणं कठीण, आणि नॉब बदलला तर सेटची रयाच जाते. म्हणून इथे रिले बसवणं हा शौक नाही, गरज आहे.

लक्षणं

तुमच्या सेटला यातलं नेमकं काय होतंय ते आधी कागदावर लिहून काढा.

- चालू करताक्षणी फ्यूज उडतो, पण दर वेळी नाही.
- वीज जाऊन लगेच परत आली किंवा बंद करून लगेच चालू केलं, तरच फ्यूज उडतो.
- रिले टकटक वाजत राहतो, किंवा ओढलाच जात नाही आणि बोर्डाला जळका वास येतो.
- बंद केलं तरी ॲम्प चालूच राहतो, किंवा निऑन दिवा मिणमिणत राहतो.
- चालू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने संरक्षण सर्किट सेट बंद करतं.
- केटी६६ ची प्लेट लालसर तापते आणि संरक्षण सर्किट मात्र गप्प बसतं.

पहिली चार लक्षणं बहुतेकदा बोर्डाची किंवा वीजपुरवठ्याची असतात. शेवटची दोन ॲम्पची. पण बहुतेक जण आधी बोर्ड बदलतात आणि मूळ रोग तसाच राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार टाळायचा असेल, तर खालचा क्रम मोडू नका.

हात घालण्याआधी

या सेटमध्ये एचटी (व्हॉल्वना लागणारं उच्च व्होल्टेज) सुमारे ३४० व्होल्ट डीसी आहे, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती साठलेली राहू शकते. प्लग काढा, थांबा, १० किलो-ओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सने कॅपॅसिटर रिकामा करा आणि मीटरने शून्य आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय असेल तर ती सोडा. त्याने कॅपॅसिटरही बिघडतो. मोजताना मीटरची काळी क्लिप चेसिसला लावून ठेवा आणि दुसरा हात सेटपासून लांब ठेवा. स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा रेझिस्टन्स कायम जोडलेला असू द्या.

पहिली तपासणी: उडालेला फ्यूज

खर्च काहीच नाही, तरी ही पायरी सगळे गाळतात. फ्यूज काढून उजेडात धरा. काचेच्या आत काळपट-चंदेरी थर साचला असेल, आरशासारखा, तर मोठा प्रवाह एकदम गेला आहे: शॉर्ट शोधायला लागा. काच स्वच्छ आणि तार मध्येच शांतपणे तुटलेली असेल, तर थोडा जास्त भार बराच वेळ होता, किंवा रोजच्या झटक्यांनी तार थकली आहे. दुरुस्तीची दिशा इथेच ठरते.

मग टोपीवर कोरलेलं वाचा. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, 'एफ' म्हणजे झटपट. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटला टी हवा. दुकानात प्रकार न सांगता फ्यूज मागितला की बहुतेक वेळा एफ हातात पडतो, आणि मग पहिल्याच झटक्याला तो गेला तर दोष सॉफ्ट स्टार्टला दिला जातो. प्रत्येक क्वाड टूला स्वतंत्र टी १ ॲम्पिअर पुरेसा आहे. दोन्ही ॲम्पना मिळून एकच फ्यूज ठेवला, तर कोणता बिघडला तेही कळत नाही. आणि उडतोय म्हणून ३ किंवा ५ ॲम्पिअरचा घालायचा नाही. तसं केलं की पुढचा फ्यूज म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग.

आणखी एक गोष्ट. ब्रिटिश प्लगच्या आतच फ्यूज असतो. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये नसतो. तिकडून आलेल्या सेटचा प्लग कापून आपला लावला की संरक्षणाचा एक टप्पा गुपचूप नाहीसा होतो. तो बोर्डावर, फेजच्या तारेत, परत आणला आहे का ते पाहा.

दुसरी: सॉकेट, अर्थिंग, आणि किती व्होल्ट येतात

सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असणं आपल्याकडे नवीन नाही. म्हणून रिले दोन्ही तारा तोडणारा, म्हणजे डबल पोल हवा. एकच पोल असेल आणि सॉकेट उलटं असेल, तर ॲम्प बंद दिसतो, पण आत फेज हजर असते.

चेसिसपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत मीटर एक ओहमच्या आत दाखवायला हवा. हम (स्पीकरमधली गुणगुण) जावा म्हणून अर्थची तार कापलेले सेट मी पाहत असतो. असा सेट हातात आला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती तार जोडा. अर्थ नसलेल्या चेसिसवर केलेलं कोणतंही इलेक्ट्रॉनिक संरक्षण माणसाला वाचवत नाही.

मग संध्याकाळी आणि रात्री उशिरा, दोन्ही वेळा व्होल्टेज मोजा. कागदावर २३० असलं तरी रात्री २५० मिळणारी घरं पुष्कळ आहेत. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (तो किती मेन्स व्होल्टसाठी जोडला आहे ते ठरवणारी जागा) २३० च्या आसपास असेल आणि २५० येत असतील, तर ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व आतून तापवणारी तार) ६.८५ वर चालतो, एचटी त्याच प्रमाणात चढते आणि सुरुवातीचा झटकाही वाढतो. हीटरवर ६.० ते ६.६ व्होल्ट यायला हवेत. जास्त येत असतील तर वरचा टॅप निवडा. स्क्रू फिरवण्याएवढ्या कामाने काही सेटचा फ्यूज उडायचा थांबतो, आणि केटी६६ चं आयुष्यही वाढतं.

तिसरी: गरम असताना परत चालू करून बघू नका, आठवून बघा

फ्यूज लाइट जाऊन येताना उडतो का? उत्तर हो असेल तर कारण बहुधा यातलंच.

सॉफ्ट स्टार्टमध्ये एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा रेझिस्टन्स) असेल आणि तो कायम सर्किटमध्ये राहत असेल, तर चालू असताना तो तापून जवळजवळ कोरी तार झालेला असतो. वीज क्षणभर गेली आणि आली, तर त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही आणि तो काहीही अडवत नाही. उपाय असा की दोन-तीन सेकंदांनी रिलेने थर्मिस्टरला बायपास करायचं. मग सेट चालू असताना तो गार राहतो आणि पुढच्या वेळी कामाला तयार असतो.

जीझेड३२ चीही बाजू समजून घ्या. त्याचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) अप्रत्यक्ष तापतो, ५ व्होल्ट २.३ ॲम्पिअरच्या हीटरवर. थंड सेट चालू केला की एचटी सावकाश चढते. रेक्टिफायर स्वतःच एक प्रकारचा सॉफ्ट स्टार्ट आहे. पण वीज गेल्यावर तापलेले केटी६६ काही सेकंदांत कॅपॅसिटर रिकामा करतात आणि जीझेड३२ चा कॅथोड अजून तापलेलाच असतो. त्या क्षणी वीज आली तर रिकामा कॅपॅसिटर रेक्टिफायरमधून एकदम भरतो. आत निळसर ठिणगी दिसते ती हीच. म्हणून आपल्याकडच्या बोर्डात वीज परत आल्यावर किमान एक मिनिट थांबणारा टायमर हवाच. सॉफ्ट स्टार्टपेक्षा मी या टायमरला जास्त महत्त्व देतो. कितीतरी तयार बोर्डांत तो नसतो.

एचटीचा मूळ कॅपॅसिटर १६ + १६ मायक्रोफॅरडचा आहे. कुणी "बास सुधारेल" म्हणून तिथे १०० घातला असेल, किंवा जीझेड३२ च्या जागी सिलिकॉन डायोडचा प्लग-इन बसवला असेल, तर वरचा सगळा हिशोब बदलतो. सिलिकॉनने एचटी तत्काळ आणि जास्त येते, तीही व्हॉल्व थंड असताना. आधी मूळ स्थिती आणा, मग पुढे शोधा.

चौथी: रिलेचा आवाज ऐका

चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी एकच स्वच्छ 'टक्' यायला हवा. टकटक येत असेल किंवा काहीच येत नसेल, तर बोर्डाचा बारा व्होल्टचा पुरवठा तपासा.

स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. मोठ्या चौकोनी एक्स२ (मेन्सवर थेट लावण्यासाठीच्या) कॅपॅसिटरमधून थेट मेन्सवरून व्होल्टेज उतरवलेलं असतं. हा कॅपॅसिटर झटक्यांनी आतल्या आत जळून स्वतःला बरा करतो आणि दर वेळी थोडी क्षमता गमावतो. ०.४७ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टवर सुमारे ३४ मिलिॲम्पिअर मिळतात. तो उतरून ०.३३ झाला की २४ च मिळतात. चारशे ओहमच्या बारा व्होल्ट रिलेला तीसच्या आसपास लागतात. बोर्ड काही महिने किंवा वर्षभर नीट चालून मग दगा देतो, त्यामागे हा कॅपॅसिटर सर्वांत जास्त वेळा सापडतो. प्लग काढून, एक पाय सोडवून, क्षमता मोजा. छापील क्षमतेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर एक्स२ छापलेलाच नवीन घाला. साधा ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर इथे चालत नाही.

रिले ओढला गेला नाही की काय होतं, तेही बघा. सुरुवातीचा झटका अडवणारा ४७ ओहम १० वॅटचा रेझिस्टन्स दोन-तीन सेकंदांसाठी असतो. रिले न आल्यास दोन्ही ॲम्पचा प्रवाह त्यातूनच वाहत राहतो आणि २५-३० वॅट उष्णता त्या दहा वॅटच्या रेझिस्टन्समध्ये जिरते. जळका वास येतो तो हाच. त्या रेझिस्टन्सला चिकटून, सिरीजमध्ये थर्मल फ्यूज हवा. नसेल तर बसवल्याशिवाय सेट परत देऊ-घेऊ नका.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अशा बोर्डाचा प्रत्येक बिंदू मेन्सला जोडलेला असतो. त्याची एकही तार ॲम्पच्या ऑडिओ भागाकडे, चेसिसकडे किंवा क्वाड २२ च्या खटक्याकडे जाता कामा नये. खटक्याने किंवा संरक्षण सर्किटने रिले चालवायचा असेल, तर छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर असलेला पुरवठा घ्यावा. इथे पैसे वाचवायचे नाहीत. तो पुरवठा सॉफ्ट स्टार्टच्या आधीच्या बाजूने घ्या. नंतर घेतला तर सुरुवातीला व्होल्टेज खाली बसतं आणि रिले थरथरतो.

पाचवी: बंद होतच नाही

प्लग काढा आणि रिलेच्या पॉइंटमध्ये ओहम मोजा. शून्याजवळ असेल तर पॉइंट चिकटले आहेत. रिलेवर छापलेले दहा ॲम्पिअर साध्या रेझिस्टिव्ह भाराचे असतात. थंड हीटरचा रोध गरम असतानाच्या पाच-सहापट कमी असतो, शिवाय ट्रान्सफॉर्मरचा गाभा पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये संपृक्त होऊ शकतो. हा झटका सोसायला सिल्व्हर टिन ऑक्साइड पॉइंटचा रिले घ्या. नुसता बदलून भागणार नाही. झटका अडवणारा रेझिस्टन्स शाबूत आहे ना, तेही पाहा. तो तुटलेला असेल तर पूर्ण झटका रिलेवरच येतो आणि नवीनही चिकटेल.

साध्या रिलेऐवजी सॉलिड स्टेट रिले (हलणारे पॉइंट नसलेला, सेमीकंडक्टरचा) असेल तर दोन गोष्टी. तो खराब झाला की बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे 'कायम चालू'. आणि झीरो क्रॉसिंग (व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होणाऱ्या) प्रकारचा असेल तर ट्रान्सफॉर्मरसाठी तो सर्वांत वाईट. हीटर किंवा बल्बला शून्य व्होल्टवर चालू करणं सोयीचं, पण ट्रान्सफॉर्मर शून्यावर जोडला की गाभ्यातला फ्लक्स सर्वांत जास्त चढतो. सॉफ्ट स्टार्ट नसताना असा रिले लावला तर जवळजवळ दर वेळी मोठा झटका बसतो. निऑन मिणमिणत असेल तर तो सॉलिड स्टेट रिलेची किंवा पॉइंटवरच्या स्नबरची (ठिणगी दाबायला लावलेल्या कॅपॅसिटरची) गळती आहे. ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर ७ मिलिॲम्पिअर सोडतो. दिव्याला त्रास नाही, पण बंद सेटमध्ये हात घालणाऱ्याला आहे. बोर्डाने बंद केलेला सेट म्हणजे बंद सेट नव्हे. प्लग काढूनच उघडा.

सहावी: बोर्ड बाजूला, सिरीज बोर्डावर ॲम्प

आता दोष बोर्डात की ॲम्पमध्ये, याचा सोक्षमोक्ष. वायरमन वापरतात तो सिरीज बोर्ड (ज्यात बल्ब आणि सेट एकामागे एक जोडले जातात) घ्या, त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. क्वाड २२ काढून ठेवा, एका वेळी एकच ॲम्प घ्या आणि सगळे व्हॉल्व काढा.

व्हॉल्व नसताना बल्ब जवळजवळ विझलेला राहायला हवा. पूर्ण उजळला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा वायरिंगमध्ये, इथे थांबा. विझलेला असेल तर जीझेड३२ सोडून बाकी व्हॉल्व लावा: मंद उजेड, म्हणजे फक्त हीटर. शेवटी जीझेड३२. वीस-तीस सेकंदांनी उजेड थोडा वाढून स्थिर झाला तर ठीक. झपाट्याने वाढून पूर्ण झाला तर एचटीत शॉर्ट: जीझेड३२ स्वतः किंवा १६ + १६ चा कॅपॅसिटर. व्हॉल्व दर वेळी प्लग काढूनच लावा-काढा.

या टप्प्यावर सगळं ठीक दिसलं तर ॲम्पमध्ये शॉर्ट नाही आणि फ्यूज उडण्याचा दोष बहुधा बोर्डात आहे. ट्रिप होण्याचे किंवा प्लेट लाल होण्याचे दोष मात्र पुढच्या तपासणीतच कळतात.

सातवी: संरक्षण सर्किट ट्रिप होतं, किंवा व्हायला हवं तेव्हा होत नाही

क्वाड टूमध्ये दोन्ही केटी६६ चा कॅथोड प्रवाह १८० ओहमच्या एकाच रेझिस्टन्समधून जातो आणि त्यावर सुमारे २६ व्होल्ट पडतात. हिशोब केला तर पावणेचार वॅट. म्हणून जुना तीन वॅटचा रेझिस्टन्स भाजलेला सापडतो. आधी तो मोजा. १८० चा २२० झाला असेल, तर प्रवाह ठीक असूनही सर्किटला व्होल्टेज जास्त दिसतं आणि ते विनाकारण ट्रिप होतं. सात वॅटचा नवीन, चेसिसपासून थोडा उचलून लावा.

रेझिस्टन्स ठीक आणि व्होल्टेज खरोखर ३० च्या वर चढतंय, तर बोर्ड त्याचं काम करतोय. दोष शोधा तो केटी६६ च्या ग्रिडवर (व्हॉल्वमधला प्रवाह कमी-जास्त करणारी जाळी). दहा मेगओहमच्या डिजिटल मीटरने ग्रिड ते चेसिस डीसी मोजा. शून्याजवळ हवं. अर्धा-एक व्होल्ट अधिक आलं तर एकतर ईएफ८६ कडून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग (सिग्नल पुढे नेणारा, डीसी अडवणारा) कॅपॅसिटर गळतोय, नाहीतर व्हॉल्वमध्ये गॅस आहे. ओळखायचं सोपं: प्लग काढून दोन्ही केटी६६ ची अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज व्हॉल्वबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेलं तर व्हॉल्व खराब. त्याच सॉकेटवर राहिलं तर कॅपॅसिटर. चाळीस-पन्नास रुपयांच्या कॅपॅसिटरसाठी केटी६६ ची महागडी जोडी टाकून दिलेली मी पाहिली आहे, म्हणून हे दहा मिनिटांचं काम चुकवू नका. नवीन कॅपॅसिटर ६३० व्होल्टचा घ्या, आणि दोन्ही बदला.

आता उलटी परिस्थिती: प्लेट लाल आणि सर्किट गप्प. १८० ओहमवरचा बायपास कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर कॅथोड थेट चेसिसला जातो. बायस (प्रवाह आटोक्यात ठेवणारं व्होल्टेज) नाहीसा, प्रवाह बेफाम, आणि कॅथोड व्होल्टेज मात्र शून्य. फक्त 'जास्त' बघणारं सर्किट याला 'सगळं शांत' समजतं. म्हणून दोन मर्यादा ठेवा: ३४ च्या वर गेलं तर ट्रिप, आणि सेट तापल्यावर, म्हणजे एका मिनिटानंतर, १८ च्या खाली गेलं तरीही ट्रिप. वरच्या मर्यादेला सेकंदभराचा विलंब द्या, नाहीतर क्षणिक चढउतारानेच सेट बंद होईल. ट्रिप झाल्यावर सर्किट लॅच व्हायला हवं, म्हणजे हाताने परत चालू करेपर्यंत बंदच राहायला हवं. आपोआप पुन्हा चालू होणारं सर्किट बिघडलेल्या सेटला दर मिनिटाला नवा फटका देत राहतं.

इथे थांबा आणि माहितगाराला बोलवा

सगळे व्हॉल्व काढूनही सिरीज बोर्डाचा बल्ब उजळतो, किंवा ट्रान्सफॉर्मरमधून डांबर वितळल्याचा वास येतो. हा घरचा खेळ नाही.

एचटी रिकामी करूनही मीटरवर ती परत चढताना दिसते आणि कारण कळत नाही.

चेसिसला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. प्लग काढा, पण आधी मुख्य स्विच बंद करा. घराचं अर्थिंग तपासायला परवानाधारक वायरमन बोलवा, ॲम्प नंतर.

३४० व्होल्टवर चालू सेटमध्ये मोजायची सवय नाही. सातवी तपासणी मग तुम्ही करायचीच नाही. पहिल्या तीन बिनधास्त करा (दुसरीतलं हीटरचं मोजमाप सोडून), बाकीच्या कुणाच्या तरी सोबत.

माहितगार म्हणजे व्हॉल्ववर काम केलेला माणूस. टीव्ही आणि मोबाइलचा उत्तम कारागीरही ग्रिडवरचा अर्धा व्होल्ट दुर्लक्षित करू शकतो. सेट देताना बोर्ड काढून ठेवू नका, तसाच जोडलेला द्या, आणि सोबत उडालेला फ्यूज, टॅप कोणता आहे, रात्रीचं व्होल्टेज, आणि रिलेचा 'टक्' किती सेकंदांनी येतो, हे लिहून द्या.